पूल जिथं जमिनीला टेकतो

बँकेत अडतीस वर्षं काढली की काही खोडी अंगात मुरतात. त्यांतली एक म्हणजे फरक शोधण्याची. संगणक यायच्या आधी शाखेत लेजरांचं बॅलन्सिंग चालायचं. सगळ्या खात्यांच्या बाक्या उतरवायच्या, त्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळते का ते पाहायचं. कधीकधी दोन पैशांचा फरक निघायचा. मग सगळी शाखा रात्री नऊ-दहापर्यंत माना खाली घालून बसलेली असायची. बाहेरच्या माणसाला हसू यायचं. दोन पैसे खिशातून टाका आणि घरी जा की! पण दोन पैशांचा फरक दोन पैशांचाच असतो असं नाही. एका खात्यात पाच हजार उतरवायचे राहून गेले असतील आणि दुसऱ्यात चार हजार नऊशे नव्याण्णव रुपये अठ्ठ्याण्णव पैसे जादा चढले असतील, तर कागदावर दिसतात ते दोनच पैसे. म्हणून ‘बरंचसं जुळलंय’ या वाक्याला आमच्या धंद्यात अर्थ नव्हता. एक तर जुळलंय, नाही तर जुळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर लेजरं सुटली, खोड सुटली नाही. हल्ली ती मी पायवाटांवर चालवतो.

पायवाटा म्हणजे कामाला जायच्या नव्हेत; हौसेनं, हवा खायला, झाडं-पाखरं बघायला जायच्या. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे या वाटांचं चांगलंच पीक आलं आहे. तळ्याकाठचे फेरफटक्याचे मार्ग, खारफुटीतून नेणाऱ्या फळ्यांच्या वाटा, टेकडीवरचे ‘निसर्गमार्ग’. मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानालगतच्या रानात मार्च २०२५ मध्ये खांबांवरची उंच वाट खुली झाली. ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. तिच्यामागची प्रेरणा सिंगापूरची, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून आलंच होतं. या वाटा व्हाव्यात, आणखी व्हाव्यात, याबद्दल माझं दुमत नाही. मी फक्त तिथं गेलो की चढ कुठं आहे, उंबरा कुठं आहे, फळ्यांमधली फट केवढी आहे, हे बघत बसतो. खिशात टेप असते. पहारेकऱ्यांना संशय येतो.

याचं कारण घरातलं आहे. २०१६ साली माझ्या पत्नीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. त्याआधी तिनं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. आम्ही ठाण्याचे. येऊरचा डोंगर हा तिचा दुसरा वर्ग. काटेसावर कधी फुलली, कुंभ्याला पालवी आली का, हे तिला पोरांच्या हजेरीसारखं पाठ. अशा बाईला बाल्कनीतल्या कुंड्या दाखवून ‘यांच्यात मन रमव’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तो आमच्या काही नातेवाइकांनी केला. तिनं त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

मग आम्ही वाटा शोधू लागलो. पहिल्याच वर्षी शहराच्या कडेला एक नवीन निसर्गमार्ग झाल्याचं कळलं. कुठला ते सांगत नाही, कारण त्यात त्या एकट्याचा दोष नाही. तसे डझनभर सापडतील. छान सावली, मधून वाहणारा ओढा, ओढ्यावर लाकडी पूल, पाटीवर व्हीलचेअरचं निळं चित्रसुद्धा. आम्ही गेलो. दारात मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी नळ्यांचं नागमोडी अडसर होतं. मोटरसायकलवाले बाजूच्या तुटक्या कुंपणातून आत जात होते, हे तिथल्या चाकोरीवरून दिसतच होतं. अडकली ती खुर्ची. पहारेकऱ्यानं कुलूप काढून मोठं फाटक उघडलं. पुढं दोनशे पावलं झकास वाट. मग पूल. पूल वाटेपेक्षा दोन फूट उंच आणि त्यावर चढायला आठ फुटांचा उतार. म्हणजे १ ला ४. तोही कसाबसा चढलो असतो, पण पूल जिथं उताराला भेटत होता तिथली भरावाची माती पावसानं खचली होती आणि सव्वादोन इंचांची पायरी तयार झाली होती. त्यापलीकडे फळ्या. त्या पुलाच्या लांबीच्या दिशेनं टाकलेल्या. दोन फळ्यांमधली फट पाऊण इंच. व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी आणि अरुंद असतात. ती अशा फटीत शिरली की ट्रामच्या रुळात सायकलचं चाक अडकावं तशी अडकतात, आणि बसलेला माणूस पुढं फेकला जातो.

पहारेकरी भला होता. म्हणाला, “काका, थांबा, चौघांना बोलावतो. काकूंना खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवतो.”

ही म्हणाली, “आणि मला परत यावंसं वाटेल तेव्हा?”

“तेव्हा हाक मारा की!”

“म्हणजे तुमच्या चौघांची चहाची वेळ बघून मी झाडं बघायची,” ती हसून म्हणाली, आणि आम्ही खुर्ची वळवली.

त्या दिवशीच्या हिशेबाचं टिपण माझ्याकडे अजून आहे. एकूण वाट ६४० मीटर. तीत अडचणीच्या जागा तीन, त्यांची लांबी सगळी मिळून पाच मीटरही नाही. ६३५ मीटर वाट उत्तम होती. शेकड्याच्या भाषेत नव्याण्णव टक्क्यांहून जास्त. आणि ती आमच्या उपयोगाची शून्य टक्के होती.

चालणारा माणूस वाटेची सरासरी अनुभवतो. थोडं खडबडीत, थोडं सपाट, एकूण बरी. चाकावरचा माणूस, कुबड्यांवरचा माणूस, पांढऱ्या काठीनं चाचपत जाणारा माणूस वाटेतली सगळ्यांत वाईट जागा अनुभवतो. त्याच्यासाठी वाट तेवढीच. आणि ही वाईट जागा बहुतेक वेळा पुलावर असते. त्यातही पुलाच्या मधोमध नसते, तर पूल जिथं जमिनीला टेकतो तिथं असते. याला साधं कारण आहे. पूल एकजण बांधतो आणि वाट दुसरा. पुलाचं बिल पुलापाशी संपतं. वाटेचं बिल वाटेपाशी. मधली सहा इंच जागा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. पुलाचा पाया खडकावर असतो, तो हलत नाही. शेजारचा भराव मातीचा असतो, तो दर पावसाळ्यात बसतो. पहिल्या वर्षी अर्धा इंच, तिसऱ्या वर्षी दोन.

पुलांशी माझा संबंध तसा जुना. नोकरीच्या सुरुवातीला मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत होतो. कर्जवसुलीसाठी वाड्यावाड्यांतून हिंडावं लागायचं. वाटेत पऱ्हे, ओहोळ, आणि त्यांवर साकव. दोन-चार पोफळीचे सोट आडवे टाकलेले, धरायला एका बाजूला बांबू. पाऊस सरला की गावकऱ्यांनी नव्यानं घालायचा, पुढल्या पावसात तो वाहून जायचा. आता त्याच जागी काँक्रीटचे साकव झाले आहेत, सरकारी कागदातसुद्धा ‘साकव’ हाच शब्द आहे. आणि दुसरी चीज म्हणजे पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची, दोन्ही बाजूंनी गडग्यांनी बांधलेली वाट. दिसायला इतकी देखणी की पाहत राहावं. पण त्या पाखाड्यांवरून मी म्हातारी माणसं फारशी जाताना पाहिली नाहीत. ती घराच्या पडवीत बसलेली असायची. “आता कुठं खाली उतरवतंय,” असं म्हणायची. वरच्या वाडीतल्या एका आजींनी खालच्या वाडीतलं आपलं माहेर कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. अंतर हाकेचं. मधे पाखाडी.

पायऱ्या हा आपल्या मुलखाचा स्वभाव आहे म्हणा ना. देव डोंगरावर, किल्ला डोंगरावर, लेणी डोंगरात. जेजुरी, पर्वती, घारापुरी, सगळीकडे आधी पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी डोली. चार खांदे, एक खुर्ची. डोलीवाल्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्नही खरा आहे. पण डोलीत बसलेल्या माणसाचा चेहरा कधी नीट पाहा. तो संकोचानं आक्रसलेला असतो. रायगडावर १९९६ मध्ये रोपवे झाला तेव्हा ‘गड पायी चढण्याची मौज गेली’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. ज्यांना पायी चढायचं त्यांच्या पायऱ्या कुणी काढून नेल्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागायचं. सप्तशृंगीच्या गडावर रुळांवरची ट्रॉली झाली ती २०१८ मध्ये. तेव्हा मात्र फारशी कुरकुर ऐकू आली नाही. कुरकुर करणाऱ्यांचेच गुडघे एव्हाना गेले असावेत.

रोपवे, ट्रॉली हे मोठे खर्चाचे मामले. मी बोलतोय ते लहान पुलांबद्दल आणि साध्या वाटांबद्दल, जिथं प्रश्न पैशांपेक्षा गणिताचा आहे. गणितही चौथीतलं.

चढाचं माप ‘१ ला १२’ असं सांगतात. म्हणजे एक फूट वर जायचं तर बारा फूट पुढं जायचं. व्हीलचेअरच्या उतारासाठी सर्वसाधारणपणे हीच तीव्रतेची शेवटची मर्यादा मानली जाते. १ ला २० असेल तर माणूस आपल्या हातांनी चाकं फिरवत दूरवर जाऊ शकतो. माणूस आणि खुर्ची मिळून ऐंशी किलो धरा. १ ला १२ च्या चढावर ढकलणाऱ्याला साधारण सात किलोंचा भार रेटावा लागतो. आमच्या त्या पुलाच्या १ ला ४ वर तोच वीस किलोंच्या आसपास जातो, आणि उतरताना तेवढाच मागं ओढून धरावा लागतो. पासष्टीच्या नवऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नयेत.

या गणितात आपण कच्चे आहोत असंही नाही. बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी गेली. तिथला चढ ३७ ला १ असा आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीच्या मागं जादा इंजिनं लावावी लागतात. त्या इंजिनांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. खुर्ची ढकलताना मला हे नाव फार जवळचं वाटतं. सांगायचा मुद्दा, डोंगर अवघड असला तर इंजिनिअर वाट लांबवतो, वळवतो, वळसे घालतो. गाडीसाठी हे आपण दीडशे वर्षांपूर्वी केलं. बागेतल्या ओढ्यावरच्या पुलासाठी मात्र आठ फुटांत उरकतो आणि वर कमानही काढतो, कारण कमानदार पूल फोटोत बरा दिसतो.

हेच गणित नीट सोडवलेलं आम्ही २०१९ मध्ये सिंगापूरला पाहिलं. तिथं शहराच्या दक्षिणेला टेकड्यांची रांग आहे. तिच्यातल्या बागा आणि राखीव रानं पुलांनी, वाटांनी एकमेकांना जोडलेली आहेत. हे काम २००८ मध्ये पुरं झालं. त्यातला हेंडरसन वेव्हज हा लाटेसारखा पूल २७४ मीटर लांब आणि खालच्या रस्त्यापासून ३६ मीटर उंच. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांवर त्याचंच चित्र असतं. आम्हाला भावली ती त्याच्या पुढची फॉरेस्ट वॉक. तेलोक ब्लांगाह नावाच्या टेकडीच्या उतारावर, रानातून जाणारी १.३ किलोमीटरची लोखंडी वाट, खांबांवर तोललेली. टेकडी चांगली चढणीची आहे. सरळ वाट काढली असती तर पायऱ्याच कराव्या लागल्या असत्या. त्यांनी ती नागमोडी नेली. एक वळण, दुसरं वळण, पुन्हा मागं. प्रत्येक वळणावर चढ इतका मवाळ की तो आहे हे खांद्यांनाच काय ते कळावं. तळाला जमिनीवरून जाणारी मातीची वाटही ठेवली आहे, ज्यांना घाम काढायचा आहे त्यांच्यासाठी. 

वाटेचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा आहे. खाली पाहिलं की रानाचा तळ दिसतो, पाऊस आणि ऊन त्यातून खाली झिरपतं आणि खालची झुडपं जगतात. काहींना त्यावरून चालताना घेरी येते. मलाही पहिली दहा मिनिटं कठडा सोडवेना. काठी टेकत चालणाऱ्यानं काठीचं टोक रुंद रबराचं आहे ना ते बघावं. पण खुर्चीची चाकं त्यावरून सरळ जातात. खडखड असा एकसुरी आवाज येत राहतो, एवढंच.

जमिनीवरून जाताना झाडाचं खोड दिसतं. इथं आपण फांद्यांमधून जात असतो. ज्या बाईनं तीन वर्षं सगळं कमरेच्या उंचीवरून पाहिलं होतं ती शेंड्यांच्या पातळीला आली. एका वळणावर पिवळ्याधमक मोठ्या फुलांचं झुडूप होतं. तिथले लोक त्याला सिम्पोह आयर म्हणतात. ती म्हणाली, “अहो, ही तर आपल्या करमळाची सख्खी नातलग! पान बघा, शिरा बघा.” मी पान बघितलं. मला ते पानासारखं दिसलं. मग ती म्हणाली, “तुम्ही पुढं जाऊन बसा, मी येते.” आणि ती आली. पाऊण तासानं, एकटी, स्वतः चाकं फिरवत. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिची वाट पाहत बसलो होतो. याआधी आम्ही कुठंही गेलो तरी एकाच वेळी पोहोचायचो.

परत आल्यावर माझ्या भाच्यानं, तो स्थापत्य अभियंता आहे, अमेरिकेतले नियम मला छापून आणून दिले. तिथं संघराज्य सरकारच्या मालकीच्या जमिनींवर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं, राखीव जंगलं वगैरे ठिकाणी, नव्या पायवाटा कशा असाव्यात याचे नियम २०१३ मध्ये पक्के झाले. मी ते बँकेचं परिपत्रक वाचावं तसे पेन्सिल घेऊन वाचले. त्यांतला शहाणपणा मला फार आवडला, कारण त्यांत हट्ट नाही. वाट डांबरी किंवा सिमेंटचीच हवी असं ते म्हणत नाहीत. पृष्ठभाग ‘घट्ट आणि स्थिर’ हवा, मग तो कशाचाही असो. वाटेची मोकळी रुंदी किमान तीन फूट. ती अरुंद असेल तर दर हजार फुटांच्या आत पाच फूट बाय पाच फुटांची जागा, समोरून येणाऱ्याला वाट द्यायला. १ ला २० पर्यंतचा चढ कितीही लांब चालेल. त्याहून जास्त, १ ला १२ पर्यंतचा असेल तर दोनशे फुटांवर विसाव्याची सपाट जागा. १ ला १० असेल तर तीस फुटांवर. १ ला ८ असेल तर दहाच फुटांवर. फळ्यांच्या वाटेवर फट अर्ध्या इंचाहून मोठी नको, आणि लांबट फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. म्हणजे फळ्या आडव्या टाका. लाकूड तेवढंच, खिळे जवळपास तेवढेच. फळ्यांवरचा उंचवटाही अर्ध्या इंचापर्यंतच. आमच्या ओढ्यावर तो सव्वादोन इंच होता.

त्यांत अपवादही आहेत. कडाच तसा असेल, किंवा वाट सोपी करताना त्या जागेचं मूळ रूपच नाहीसं होणार असेल, तर तिथं नियम सोडता येतो. पण तेवढ्याच तुकड्यापुरता. सगळी वाट सोडून देण्याची सबब म्हणून तो वापरता येत नाही. प्रत्येक शिखराला उतार लावा असं कुणीच म्हणत नाही, माझी पत्नी तर नाहीच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोखंडी रॅम्प झाला तर ती पहिली उपोषणाला बसेल.

मला सगळ्यांत पटलं ते पाटीचं कलम. वाटेच्या सुरुवातीला पाटी लावायची आणि तिच्यावर आकडे लिहायचे. वाटेची लांबी, पृष्ठभाग कशाचा, रुंदी साधारण किती आणि कमीत कमी किती, चढ साधारण किती आणि जास्तीत जास्त किती, आडवा उतार किती. निळं चित्र लावणं म्हणजे ‘आम्ही तुमच्या वतीनं ठरवलंय’ असं सांगणं. आकडे लिहिणं म्हणजे ‘हे असं आहे, तुमचं तुम्ही ठरवा’. ज्याचे दंड भरदार आहेत तो १ ला १० वर जाईल. ज्याच्याबरोबर थकलेली आई आहे तो पहिल्या बाकावरून परत फिरेल. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्येही असंच, ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ म्हणून वाटा निवडल्या आहेत, म्हणजे कुंपणावरच्या पायऱ्या ओलांडाव्या न लागणाऱ्या. त्यांची प्रतवारी तीन शब्दांत आहे: सगळ्यांसाठी, बऱ्याच जणांसाठी, काहींसाठी. या ‘काहींसाठी’मधला प्रामाणिकपणा मला कर्जाच्या कुठल्याही जाहिरातीत आढळला नाही.

हे सगळं इथं जसंच्या तसं आणून बसवता येणार नाही, कारण आपल्याकडे पाऊस आहे. जून ते सप्टेंबर लाकडी फळीवर शेवाळ धरतं आणि ती साबणासारखी होते. लाकूड फुगतं, मग उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात मोजलेली फट आणि ऑगस्टमधली फट वेगळी. म्हणून फळ्यांवर खरखरीत पट्ट्या हव्यात, किंवा जाळी, आणि वर्षातून दोनदा झाडू. जमिनीवरच्या वाटेसाठी आपल्याकडचा मुरूम कुणाला हार जायचा नाही. थराथरानं टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला की तो घट्ट बसतो. पण कडेनं गटार काढलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात त्याचा ओघळ होतो आणि त्या ओघळात चाक जातं. काँक्रीटच्या ठोकळ्यांची वाट म्हणजे सोय, असं आपल्या नगरपालिकांना वाटतं. दोन वर्षांत ते ठोकळे दातांसारखे वरखाली होतात. खुर्चीवरून जाणाऱ्याच्या मणक्याला विचारा.

कठड्याचीही एक गोष्ट आहे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. आपल्याकडे पुलाच्या कठड्याची वरची जाडजूड पट्टी साधारण साडेतीन फुटांवर असते. म्हणजे उभ्यानं जो देखावा बघायचा, बसलेल्याला नेमकी तिथं पट्टी दिसते. वरची पट्टी सडपातळ ठेवली आणि खाली उभ्या बारीक सळया लावल्या, तर लहान मुलालाही नदी दिसते आणि तिलाही. आणि अगदी तळाशी, फळ्यांच्या कडेला, तीन इंचांची एक काठपट्टी हवी. चाक घसरलं तर ती अडवते. पांढऱ्या काठीला तीच पट्टी वाट दाखवते.

“पण साहेब, असे येतात किती जण?” हा प्रश्न मला आजवर चार वेगवेगळ्या कचेऱ्यांत विचारला गेला. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत संधिवाताचे गुडघे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि महिनाभर प्लास्टरमध्ये असलेले पाय मोजलेले नाहीत. पण मी आकडा सांगत नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढं आम्हाला खेड्यापाड्यांत शाखा उघडायला पाठवू लागले. तेव्हाही हाच प्रश्न होता: त्या गावात खातेदार आहेत कुठं? नव्हतेच. बँकच नव्हती तर खातेदार कुठून असणार? माझ्या त्या कोकणातल्या शाखेत पहिल्या महिन्यात उघडलेली खाती बोटांवर मोजण्याइतकी होती. मी निघालो तेव्हा काउंटरसमोर उभं राहायला जागा नव्हती.

कायद्यानं तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. अपंगांसाठी पहिला कायदा १९९५चा, त्याहून व्यापक २०१६चा. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात म्हणून केंद्रानं २०२१ मध्ये मापं-आकड्यांसह मार्गदर्शक तत्त्वं छापली. गोम अशी की ती ‘करावं’ म्हणत होती, ‘केलंच पाहिजे’ म्हणत नव्हती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर, जी २००५ पासून चालली होती, सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमकं यावरच बोट ठेवलं. किमान मापं बंधनकारकच हवीत, शिफारस म्हणून चालणार नाहीत, असं सांगून सरकारला ती वेगळी काढायला तीन महिने दिले. सरकारी कागदातल्या ‘शक्यतो’ या शब्दावर मी नोकरीत बरंच काही अडलेलं पाहिलं आहे, त्यामुळे तो निकाल वाचताना मला बरं वाटलं.

आमच्या त्या ओढ्याचं पुढं काय झालं, ते सांगायला हवं. मी पत्रं लिहिली. भाच्यानं एका कागदावर आकृती काढून दिली: उतार आठऐवजी चोवीस फुटांचा, तोही मधे वळवून, म्हणजे जागा तेवढीच; फळ्या आडव्या; पुलाच्या दोन्ही टोकांना मातीऐवजी काँक्रीटचा एक तुकडा, अर्धा पुलावर आणि अर्धा वाटेवर टेकलेला, म्हणजे भराव खचला तरी पायरी व्हायची नाही; आणि दारातल्या नळ्यांऐवजी तीन फुटांच्या अंतरानं खांब. दोन वर्षं काही झालं नाही. मग बदली होऊन एक तरुण अभियंता आला. तो स्वतः आमच्या घरी आला, हिला म्हणाला, “काकू, तुमची खुर्ची मला तासभर द्याल का?” त्या खुर्चीत बसून तो पुलाकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापाशी माती होती. तो त्याबद्दल काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

फळ्या गेल्या पावसाळ्यानंतर फिरवल्या गेल्या. उताराचं काम या हिवाळ्यात पुरं झालं. खांब बसले आहेत. मोटरसायकली अजून तुटक्या कुंपणातूनच जातात. राहिली आहे ती पाटी. तिचा मजकूर करायचं काम अभियंत्यानं हिच्यावर सोपवलं. लांबी ६४० मीटर, रुंदी कमीत कमी चार फूट, चढ जास्तीत जास्त १ ला १२, पृष्ठभाग मुरूम आणि पुलावर फळ्या, पावसात निसरडं. एवढं मी लिहून दिलं. तिनं खाली आपल्या अक्षरात आणखी दोन ओळी घातल्या आणि कागद मंजुरीला गेला आहे. त्या ओळी अशा: “पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला कुंभा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतो. फुलं रात्री उमलतात आणि सकाळी गळतात, म्हणून लवकर यावं.”